पहिल्या शंभर युनिटांचा हक्कदार मीटरच्या मागे राहतो

प्रति,
मा. अध्यक्ष आणि सदस्य,
महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग,
वर्ल्ड ट्रेड सेंटर, कफ परेड, मुंबई

विषय : भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याला स्वतःच्या नावाने वीजजोडणी आणि आयोगाने ठरवलेलाच दर मिळण्याबाबत

सादर नमस्कार.

मी परवानाधारक वीज ठेकेदार आहे. पुण्याजवळच्या भोसरी, तळवडे, चाकण या पट्ट्यात घरांची आणि भाड्याच्या खोल्यांची वायरिंग करतो. भाडेकरू बदलला की बोर्ड दुरुस्त करायला, नवा सब-मीटर बसवायला किंवा जुना 'पळतोय' का ते बघायला मला बोलावणं येतं. त्यामुळे नव्या खोलीत सामान उतरवल्यावर लाईटचं नक्की काय ठरतं, ते मी दोन्ही बाजूंनी ऐकतो. आपण दर ठरवता. ते दर कुणापर्यंत पोचतात आणि कुणाच्या दाराबाहेरच थांबतात, ते सांगण्यासाठी हे पत्र.

सोसायटीतला फ्लॅट भाड्याने घेणाऱ्याचं त्यातल्या त्यात बरं असतं. मीटर वेगळा, बिल मालकाच्या नावावर, भाडेकरू बारा आकडी ग्राहक क्रमांक टाकून फोनवरून भरतो. कटकट होते ती दोनच गोष्टींवरून. एक, आधीच्या माणसाने बिल थकवलेलं असतं आणि नवा भाडेकरू चावी घेतल्यावर पहिल्याच महिन्यात त्याच्या हाती तो आकडा येतो. दुसरी गोष्ट कमी लोकांना ठाऊक असते. मीटर रूममध्ये मीटर अदलाबदल झालेले असतात. बिल्डरच्या वायरमनने चारशे दोनची केबल चारशे तीनच्या मीटरला जोडली, की पुढची कित्येक वर्षं दोन कुटुंबं एकमेकांचं बिल भरत राहतात. म्हणून मी प्रत्येक नव्या भाडेकरूला सांगतो, घरातला मेन स्विच बंद करा, खाली जा आणि तुमच्या म्हणून दाखवलेल्या मीटरचा लाल दिवा लुकलुकायचा थांबला का ते बघा. थांबला नाही तर मीटर तुमचा नव्हे. मग त्याच दिवशीच्या रीडिंगचा फोटो काढून मालकाला पाठवा. एवढं केलं तरी पुढचे निम्मे वाद होत नाहीत. हे काम खरं तर वितरण कंपनीच्या माणसाचं, पण ते असो. फ्लॅटवाल्यांचा विषय इथेच सोडतो, कारण माझं म्हणणं त्यांच्याबद्दल नाही.

माझं म्हणणं खोल्यांबद्दल आहे. एमआयडीसीच्या भोवती गावागावांत गुंठा-दोन गुंठ्यांवर दोन मजले चढवून ओळीने दहा बाय दहाच्या खोल्या काढलेल्या आहेत. मराठवाड्यातून, विदर्भातून, बिहार-उत्तर प्रदेशातून आलेली कामगार मंडळी तिथे राहतात. कुठे नवरा-बायको आणि एक मूल, कुठे शिफ्ट वाटून झोपणारे चौघे. अशा आठ-दहा खोल्यांच्या इमारतीला बहुतेक वेळा एकच मीटर असतो, रूममालकाच्या किंवा त्याच्या वडिलांच्या नावावर. आत प्रत्येक खोलीच्या दारावर बाजारातून आणलेला सब-मीटर. त्याला कंपनीचं सील नसतं, त्याची तपासणी कुणी केलेली नसते. खोली ठरवताना भाडं, डिपॉझिट आणि पाण्याची वेळ यांच्याबरोबर चौथी गोष्ट सांगितली जाते : "लाईट युनिटला बारा रुपये." कुठे दहा, कुठे पंधरा. त्यावर घासाघीस होत नाही.

ही सरळसरळ लूट आहे असं पटकन वाटतं. काही ठिकाणी ती आहेच. पण सगळीकडे नाही, आणि मी आपल्याला पत्र लिहितोय ते त्या 'सगळीकडे नाही' मुळेच.

एक साधा हिशेब मांडतो. आठ खोल्या. प्रत्येकीत एक पंखा, दोन एलईडी दिवे, मोबाइल, टीव्ही, कुठे छोटा फ्रिज. महिन्याला खोलीमागे साठ युनिटं धरू, म्हणजे झाली ४८०. टाकीत पाणी चढवणारी एक अश्वशक्तीची मोटार रोज दोन तास चालली तरी महिन्याला पन्नास-साठ युनिटं खाते. जिन्यातला दिवा, कॅमेरा यांची वीसेक. एकूण ५६० युनिटं एका मीटरवर. आता आपले स्लॅब, म्हणजे दराचे टप्पे, लावा : ० ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५००, आणि ५००च्या वर. दुसऱ्या स्लॅबचा दर वहन आकार (वीज तारांवरून पोचवण्याचा आकार) धरून पहिल्याच्या जवळपास दुप्पट, तिसरा त्याहून चढा, चौथा सगळ्यांत महाग. अलीकडच्या दरपत्रकांनी हिशेब केला, तर पहिल्या शंभरातलं युनिट वहन आकारासह सहा रुपयांच्या आसपास पडतं. या आठ खोल्यांच्या एकत्र बिलाची सरासरी मात्र बारा रुपयांच्या आसपास जाते. त्यावर १६ टक्के विद्युत शुल्क आणि स्थिर आकार. म्हणजे जो मालक बारा रुपये घेतोय, त्याच्या खिशात कधीकधी काहीच उरत नाही. उलट कुणी सब-मीटरला चिमटा लावला किंवा चोरून शेगडी चालवली, तर त्याचाच खिसा रिकामा होतो.

आता त्याच आठ खोल्यांना आठ मीटर असते तर? प्रत्येक घर साठ-सत्तर युनिटांत राहिलं असतं आणि आठच्या आठ घरांची सगळी वीज पहिल्या, स्वस्त स्लॅबमध्ये बसली असती. आठ वेगळे स्थिर आकार भरूनही दर खोलीला महिन्याला काहीशे रुपये वाचले असते. चार वातानुकूलित खोल्यांच्या बंगल्याला परवडावा म्हणून ठरवलेला दर हा कामगार भरतोय, आणि तोही घरात एक पंखा लावून.

पहिल्या शंभर युनिटांना कमी दर ठेवताना आयोगाच्या डोळ्यांसमोर कोण होतं? कमी वीज वापरणारं, कमी कमाईचं घर. ते घर आज कुठे राहतं, हे पाहायचं असेल तर कृपया एखाद्या संध्याकाळी चाकणला या. ते सब-मीटरच्या मागे राहतं. आपल्या दरपत्रकात त्याचं नावच नाही, कारण त्याला ग्राहक क्रमांक नाही. आणि ग्राहक क्रमांक नसल्यामुळे त्याला तक्रारही करता येत नाही. तक्रार निवारण मंच आहे, त्याच्या वर मुंबई आणि नागपूरला विद्युत लोकपाल आहेत, सगळं आहे. पण अर्जातला पहिलाच रकाना ग्राहक क्रमांकाचा असतो.

मग ही माणसं स्वतःचा मीटर का घेत नाहीत? काही जण प्रयत्न करतात. अशाच एका खोलीतल्या कुटुंबासाठी मी अर्ज भरून दिला होता. सोबत टेस्ट रिपोर्ट, म्हणजे वायरिंग तपासल्याचा ठेकेदाराचा दाखला, जोडला होता. खिडकीवरच्या बाईंनी फाइल न उघडता विचारलं, "मालकाची एनओसी कुठाय?" मालकाचं ना-हरकत पत्र नाही म्हटल्यावर फाइल परत. त्या बाईंवर माझा राग नाही. त्यांच्या वरिष्ठाने त्यांना जे सांगितलं तेच त्या करत होत्या, आणि उद्या मालक येऊन भांडला तर उत्तर त्यांनाच द्यावं लागणार.

परंतु कायदा काय म्हणतो, ते आयोगाला मी सांगायला नको. विद्युत अधिनियम, २००३च्या कलम ४३ मध्ये जागेच्या 'मालकाने किंवा भोगवटादाराने' (म्हणजे तिथे प्रत्यक्ष राहणाऱ्याने) अर्ज केला की पुरवठा द्यायचा, असं आहे. तिथे 'किंवा' आहे, 'आणि' नाही. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे आणखी स्वच्छ केलं : वीज ही मूलभूत गरज आहे, मालक ना-हरकत देत नाही या कारणावरून भाडेकरूला ती नाकारता येणार नाही, आणि पुरवठादाराने फक्त एवढंच पाहायचं की अर्जदाराचा त्या जागेत ताबा आहे का. केंद्राच्या ग्राहक हक्क नियमांत २०२४ साली बदल होऊन नवी जोडणी महानगरांत तीन दिवसांत, इतर नगरपालिका क्षेत्रांत सात आणि ग्रामीण भागात पंधरा दिवसांत द्यावी, अशी मुदत आली. पण ही मुदत परिपूर्ण अर्ज स्वीकारल्यापासून मोजतात. एनओसीसाठी फाइल परत केली की घड्याळ सुरूच होत नाही.

मुंबईच्या उपनगरात ग्राहकाला टाटा की अदानी अशी कंपनी निवडता येते. चाकणच्या खोलीत कंपनी निवडायची बात दूरच, ग्राहक म्हणून नाव लागायलाच एनओसी लागते!

मालकांची बाजूही मांडली पाहिजे, कारण त्यांच्या घरी मी चहा पितो आणि त्यांची भीती खोटी नाही. पहिली भीती ताब्याची. मुंबई भाडे नियंत्रण कायदा १९४७चा. त्या काळातल्या पागडीच्या आणि न सुटलेल्या खोल्यांच्या गोष्टी प्रत्येक घरात सांगितल्या जातात. भाडेकरूच्या नावावर लाईट बिल आलं, की उद्या तो तेच कोर्टात दाखवेल आणि खोली सोडणार नाही, असं मालकाला वाटतं. १९९९चा भाडे नियंत्रण अधिनियम आला, अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार रूढ झाला, तरी ही भीती गेली नाही. दुसरी भीती थकबाकीची : माणूस बिल बुडवून गावी निघून गेला तर? आयोगाच्या वीजपुरवठा संहितेप्रमाणे आधीच्या भोगवटादाराची थकबाकी जागेवर चढते आणि नव्या माणसाकडून जास्तीत जास्त सहा महिन्यांपर्यंतची वसूल करता येते. म्हणजे रिकामी खोली पुन्हा भाड्याने देताना मालकालाच ते निस्तरावं लागतं.

दोन्ही भीतींवर उपाय आयोगाच्या हातात आहे, आणि त्यासाठी नवा कायदा लागत नाही. ताब्याच्या भीतीसाठी 'भोगवटादार जोडणी' असा वेगळा प्रकार करा. बिलाच्या पहिल्याच बाजूला मोठ्या अक्षरांत छापा की हे देयक मालकीचा किंवा भाडेहक्काचा पुरावा नाही. जोडणी कराराच्या मुदतीशी बांधा. करार संपला किंवा माणूस गेला, की शेवटचं रीडिंग घ्या आणि हिशेब मिटवा. तोच मीटर पुढच्या भाडेकरूच्या नावावर चढू द्या, पुन्हा नवा अर्ज आणि नवा खांब-केबल खर्च नको. थकबाकीच्या भीतीवर तर उत्तर कायद्यातच लिहिलेलं आहे. विद्युत अधिनियमाच्या कलम ४७ प्रमाणे जो ग्राहक प्रीपेड मीटर घ्यायला तयार आहे, त्याच्याकडून सुरक्षा ठेव मागता येत नाही. स्मार्ट प्रीपेड मीटरवरून राज्यात रान उठलं, आणि २०२४ साली सामान्य ग्राहकांवर त्याची सक्ती होणार नाही असं सरकारने जाहीर केलं. सक्ती नको, हे बरोबरच आहे. पण खोलीत राहणारा माणूस स्वतःहून प्रीपेड मागत असेल तर त्याला द्यायला काय हरकत आहे? मोबाइल तो रोज तसाच वापरतो. मालकाची थकबाकी उरणार नाही, आणि भाडेकरूलाही दोन महिन्यांच्या सरासरी बिलाइतकी ठेव जमवावी लागणार नाही.

दिल्लीत २०१९ साली असंच काहीसं केलं गेलं. तिथल्या सरकारने भाडेकरूंसाठी प्रीपेड मीटरची योजना काढली, भाडेकरार किंवा भाडेपावती आणि तीन हजार रुपये ठेव एवढ्यावर, मालकाच्या एनओसीशिवाय. घोषणेच्या वेळी तिथल्या निवडणुका जवळ आल्या होत्या, हे मलाही दिसतं. पण कल्पना चुकीची नव्हती.

ताब्याचा पुरावा कोणता, हा प्रश्न आपल्याकडे अवघड आहे, कारण या खोल्यांचे करार बहुतेक वेळा नोंदवलेले नसतात. १९९९च्या अधिनियमातल्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी करून नोंदवणं ही जबाबदारी मालकाची आहे. ती त्याने पाळली नाही म्हणून वीज नाकारायची ती भाडेकरूला, हे उफराटंच झालं. पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहिती द्यायचा नियम आपल्याकडे कडकपणे पाळायला लावतात. त्या फॉर्मवर मालकाचं नाव असतं, खोलीचा पत्ता असतो, भाडेकरूचा फोटो असतो. सरकारच्या एका खात्याला जो कागद माणूस तिथे राहतो हे मानायला पुरतो, तोच वीज कंपनीला का पुरू नये? त्याच्याबरोबर भाडेपावती, ऑनलाइन भाडं पाठवल्याचा उतारा, कारखान्याचं पत्र, यांपैकी कुठलंही एक चालेल, अशी यादी आयोगाने स्वतः करून वीज कंपनीच्या उपविभाग कार्यालयांच्या भिंतीवर लावायला लावावी. खिडकीवरच्या माणसाला कायद्याचं कलम नको असतं, त्याला सहीशिक्क्याचं परिपत्रक हवं असतं. हे मी कुचेष्टेने म्हणत नाही. परिपत्रक असलं की तोही निर्धास्तपणे काम करतो.

काही इमारतींत वेगळे मीटर बसवणं खरंच जमत नाही. जागा नसते, खोल्यांची वायरिंग एकमेकांत इतकी गुंतलेली असते की सगळी उकरावी लागेल, किंवा बांधकामाच्या कागदपत्रांतच घोळ असतो. स्वतंत्र जोडणीसाठी वेगळं दार, वेगळी चूल दाखवा असं सांगतात. एकाच घरात दोन मीटर घेऊन कुणी स्लॅब चोरू नये म्हणून ती खबरदारी आहे, आणि ती योग्यच आहे. जिथे वेगळे मीटर जमत नाहीत, तिथे निदान स्लॅब तरी खोल्यांच्या संख्येने गुणा. एका मीटरवर आठ कुटुंबं राहतात याची तपासणी कंपनीने एकदा करावी, आणि मग पहिला स्लॅब १०० ऐवजी ८०० युनिटांचा धरावा. त्या बदल्यात मालकावर अट घाला : सब-मीटर तपासलेले आणि सील केलेले असावेत, मूळ बिलाची प्रत जिन्यात लावलेली असावी, आणि खोलीवाल्याकडून बिलाच्या सरासरीपेक्षा एक पैसाही जास्त घेऊ नये. वीज विकायला कायद्याने परवाना लागतो. रूममालक म्हणतो, मी विकत नाही, वाटून घेतो. ठीक आहे, मग वाटणी सगळ्यांना दिसू द्या. मोटार आणि जिन्याचा दिवा यांची युनिटं कुणाच्या माथी मारली जातात, तेही तेव्हाच कळेल. हे ऐकून सगळ्यात आधी प्रामाणिक मालकच तयार होतील, कारण दर पंधरवड्याला "तुमचं युनिट महाग का" या भांडणाला तेही कंटाळलेत.

आता माझ्या धंद्यातली एक गोष्ट, जी आपल्या दरपत्रकात येत नाही पण आली पाहिजे. एकच मीटर म्हणजे सगळ्या इमारतीला खांबावरून येणारी एकच सर्व्हिस वायर. साधा सिंगल फेज मीटर ५ ते ३० अँपिअरचा, म्हणजे जेमतेम सात किलोवॅट. थंडीच्या सकाळी सहाची शिफ्ट असते. तीन खोल्यांनी तीन-तीन किलोवॅटचे इन्स्टंट गिझर एकदम लावले, की ३९ अँपिअर झाले. मग वायर तापते, कटआउट वितळतो, न्यूट्रल सैल होतो. न्यूट्रल तुटला तर तीन फेजच्या जोडणीत काही खोल्यांत दोनशे तीसऐवजी साडेतीनशे-चारशे व्होल्ट जातात आणि टीव्ही-फ्रिज जळून जातात. अर्थिंगची हिरवी वायर बोर्डापर्यंत आलेली असते, पण खाली जमिनीत पट्टीच नसते, हे तर मी इतक्यांदा पाहिलंय की आता नवल वाटत नाही. ओल्या हाताने कपडे वाळत घालताना पत्र्याला करंट लागला, अशी तक्रार दर पावसाळ्यात येते. नवी जोडणी देताना कंपनीला टेस्ट रिपोर्ट लागतो. प्रत्येक खोलीला आपला मीटर मिळाला, तर प्रत्येक खोलीचा टेस्ट रिपोर्ट होईल. तीस मिलीअँपिअरचा अर्थ लीकेज ब्रेकर बसेल, अर्थिंग तपासलं जाईल. आज या खोल्यांच्या आत काय चाललंय ते कुणीच बघत नाही, कारण कागदावर ती आठ घरं नाहीतच, ते एकच घर आहे.

आणि हो, भांडण झालं की मालक रात्री मेनचा फ्यूज काढून घेऊन जातो, हाही प्रकार चालतो. भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम २९ मध्ये अत्यावश्यक सेवा तोडण्याला मनाई आहे. पण अकरा महिन्यांच्या तोंडी करारावर राहणारा माणूस कोर्टात जाईपर्यंत खोली बदलून मोकळा होतो. स्वतःचा मीटर असेल तर विद्युत अधिनियमाप्रमाणे वीज तोडायला कंपनीलासुद्धा पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. घरमालकाला मात्र आज एक पकड पुरते.

दरवाढीच्या याचिकांवर आयोग जनसुनावणी घेतो, पुण्यातही घेतो. तिथे उद्योजक बोलतात, शेतकरी संघटना बोलतात, ग्राहक पंचायती बोलतात. खोलीवाला येत नाही. त्याची सुट्टी बुडते, आणि तो कागदावर ग्राहकही नाही. म्हणून पुढच्या सुनावणीच्या आधी आयोगाने वितरण परवानाधारकांना एकच माहिती मागावी, अशी माझी विनंती आहे : घरगुती वर्गवारीतल्या किती मीटरांवर एकापेक्षा जास्त कुटुंबं राहतात? औद्योगिक पट्ट्यातल्या दोन-चार उपविभागांत नमुना पाहणी केली तरी अंदाज येईल. रीडिंग घ्यायला जाणाऱ्या मुलांना हे तोंडपाठ आहे, त्यांना फक्त कुणी विचारत नाही. तो आकडा समोर ठेवून मग ठरवा, पहिल्या शंभर युनिटांची सवलत कुणाला मिळतेय ते.

परिपत्रक, भोगवटादार जोडणी, प्रीपेडचा पर्याय आणि गुणिले स्लॅब या चारही गोष्टींचा मसुदा आयोगाने हरकतींसाठी प्रसिद्ध केला, तर खोल्यांची वायरिंग करणारे आम्ही ठेकेदार त्यावर लेखी म्हणणं देऊ. मीटर बोर्डाला किती जागा लागते, आठ खोल्यांचं वायरिंग वेगळं करायला किती खर्च येतो आणि तो हप्त्यांनी कसा वसूल करता येईल, हे आम्हाला आकड्यांत सांगता येईल.

कळावे.

आपला,
भोसरी-चाकण भागातला एक परवानाधारक वीज ठेकेदार